वाळवलेलं वजन

दुलीचंद टेंभरे वजनकाट्यावर चढला तेव्हा मागच्या पोत्यातून सांडलेलं धान अजून काट्यावरच होतं. त्यानं ते पायानं सारलं, चपला काढल्या, खिशातला मोबाईल आणि गोदामाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा चढला. लाल आकडे जरा धावले, मग थांबले. चौऱ्याण्णव.

"दोन कट्टे अन् वरून चौदा किलो," जागेश्वर हमाल ओरडला. "लावू का जी थप्पीले?"

बाकीचे हमाल हसले. दुलीचंदही हसला, पण ते हसणं गालापर्यंतच आलं. एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं, एवढा हिशेब ह्या गोदामात कोणालाही तोंडपाठ होता.

२०११ सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सोसायटीचं धान खरेदी केंद्र नुकतंच उघडलं होतं. गाव तिरोड्याच्या पुढं, चोरखमाऱ्याच्या नहराला, म्हणजे कालव्याला लागून. गोदाम, गोदामासमोर मोठं पटांगण, पटांगणात ट्रॅक्टर आणि बैलबंड्यांची रांग. दुलीचंद तिथं बारा वर्षांपासून ग्रेडर होता. ग्रेडरचं काम म्हणजे पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर धान बाहेर काढायचं, ते मीटरच्या वाटीत टाकायचं आणि ओलावा पाहायचा. सतराच्या वर आकडा गेला की धान घ्यायचं नाही. सरळ काम आहे, पण शिव्या खाण्याचं आहे. कोणी भल्या पहाटे बंडी जुंपून आलेला असतो, आणि तुम्ही त्याला म्हणता, परत ने.

दुलीचंदला मात्र शिव्या पडत नव्हत्या. कारण तो परत ने म्हणतच नव्हता. तो म्हणायचा, "काई नाई झालं जी. पटांगनात पसरवा, एक ऊन खाऊ द्या. उद्या पाहू. तुमचा नंबर मी ठेवतो." दुसऱ्या केंद्रावरचे ग्रेडर कास्तकारांवर खेकसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लोक दोन गावं ओलांडून ह्याच्याकडे धान आणायचे.

आता हा माणूस रोज संध्याकाळी काट्यावर का चढायला लागला, ते सांगतो.

दिवाळीच्या आधी त्याला रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागायचं, तोंडाला कोरड पडायची. बायको दुर्गेश्वरी मागं लागली म्हणून तिरोड्याला डॉक्टरकडे गेला. रक्त तपासलं. साखर निघाली, आणि चांगलीच निघाली. डॉक्टरनं बरंच काही सांगितलं. वेळेवर जेवा, रोज चाला, सकाळी ही गोळी घ्या आणि गोळीनंतर अर्ध्या तासात खा, वजनही जरा उतरवा. दुलीचंदनं मान हलवली. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात त्यातली एकच गोष्ट उरली होती. वजन.

त्यालाही कारण होतं.

त्याचा बाप तुलसीराम ह्याच साखरेनं गेला. आधी डाव्या पायाचा अंगठा गेला, मग पंजा, मग नागपूरला गुडघ्याखालून पाय कापला. त्यानंतर चार वर्षं तो बाजेवर होता. दिवसातून तीन वेळा त्याला उचलून मागच्या अंगणात न्यावं लागायचं, आणि ते काम दुलीचंदचं होतं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता, अंगात ताकद होती. म्हातारा वाळून काडी झाला होता तरी उचलताना जड लागायचा. बापाला लाज वाटायची म्हणून तो अंग ताठ करायचा, आणि ताठ केलेलं अंग जास्तच जड होतं.

डॉक्टरकडून परत येताना मोटारसायकलवर दुलीचंद हाच विचार करत होता. आपला पाय गेला तर उचलणार कोण? घरात दोघंच. पोरगी लग्न होऊन गेलेली. दुर्गेश्वरी पंचेचाळीस किलोची. तिला भरलेला कट्टा जागचा हलवत नाही. आपण म्हणजे दोन कट्टे आणि वर चौदा किलो.

म्हणून त्यानं ठरवलं, ऐंशीवर यायचं. आणि लवकर यायचं.

आता चूक ऐका. ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर समजू शकलो असतो. धानाच्या ग्रेडरनं ती करायला नको होती. पण ग्रेडरशिवाय दुसऱ्या कोणाला ती सुचलीही नसती.

त्यानं स्वतःला वाळवायला घेतलं.

संध्याकाळनंतर पाणी बंद. सकाळी गोळी आणि अर्धा कप चहा, बिनसाखरेचा. दुपारी एक पोळी. कास्तकार जेवायला बसले की हा पटांगणात धानाच्या शेजारी उन्हात खुर्ची टाकून बसायचा, अंगात स्वेटर आणि डोक्याला दुपट्टा. घाम निथळायचा. एकदा खुशाल नावाचा कास्तकार आपलं धान पायानं फिरवत फिरवत त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, "ग्रेडर साहेब, एका बाजूनं वाळले तुमी. पलटवून देऊ का?"

"तू आपलं धान पलटव," दुलीचंद म्हणाला.

पण आकडा उतरत होता. चौथ्या दिवशी साडेब्याण्णव. सातव्या दिवशी एक्क्याण्णव. नवव्या दिवशी साडेनव्वद. दुलीचंद खूश. गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यानं खडूनं आकडे मांडले होते. ज्या दिवशी आकडा उतरायचा नाही त्या दिवशी तो एका पोळीची अर्धी करायचा आणि स्वतःला मनातल्या मनात असं काही बोलायचा की ते इथं लिहिता येत नाही.

"तोंड पाह्यलं का आरशात?" दुर्गेश्वरी म्हणाली. "डोळे खोल गेले."

"साडेतीन किलो गेले."

"कोठं गेले?"

"गेले म्हनजे गेले. कमी झाले."

"चिडचिड तं वाढली जी. ते नाई मोजत का तुमचा काटा?"

 ताटातली पोळी त्यानं अर्धी मोडून तिच्या ताटात टाकली आणि उठला.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो थप्पीवर चढला. थप्पी म्हणजे एकावर एक रचलेल्या कट्ट्यांचा डोंगर, चौदा थर होते. वरच्या थरातलं एक पोतं ओलं लागतं असं सुकरामनं सांगितलं होतं, ते तपासायचं होतं. सुकराम हा हमालांच्या टोळीचा म्होरक्या, साठीच्या आसपासचा, बारीक आणि चिवट. दुलीचंद दहाव्या थरापर्यंत गेला आणि त्याचे हात थरथरायला लागले. अंगाला गार घाम सुटला. समोरचा कट्टा एकाचे दोन दिसायला लागला. त्याला वाटलं आपण काहीतरी बोलतोय, पण तोंडातून शब्द सरळ निघत नव्हते.

"साहेब! ओ साहेब!" खालून जागेश्वर. "पिऊन आले का जी?"

सुकराम हसला नाही. तो माकडासारखा वर गेला, दुलीचंदला मागून काखेत धरलं आणि कट्ट्यावर बसवलं. "जागेश्वर, दोर आन. अन् माह्या डब्यातला गूड आन. पयले गूड!"

गुळाचा खडा दुलीचंदच्या गालात दाबला गेला. मग अजून एक. पाच-दहा मिनिटांनी त्याला समोर एकच कट्टा दिसायला लागला. हमालांनी त्याला दोरानं कमरेला बांधून थराथरानं खाली उतरवलं. पटांगणातले सगळे कास्तकार आपापलं काम सोडून बघत होते. चौऱ्याण्णव किलोचा असता तर कसा उतरवला असता, असा विचार दुलीचंदच्या डोक्यात त्याही वेळी येऊन गेला.

त्याला भिंतीला टेकवून बसवलं. सुकराम समोर उकिडवा बसला.

"काई खाल्लं होतं का सकाळी?"

"च्या घेतला."

"पानी?"

दुलीचंदनं नाही म्हणून मान हलवली.

"दहा दिवस पाहून राहिलो तुमाले. बोललो नाई, मानूस मोठा आहे म्हनून." सुकरामनं बिडी पेटवली. "साहेब, बारा वर्सं झाले, तुमीच लोकाइले सांगता ना? वाळवलं म्हनून धान कमी होत नाई, पानी जाते. दाना होता तेवढाच रायते."

दुलीचंदनं वर पाहिलं. जागेश्वर शेजारी उभा होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की हसावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. शेवटी दुलीचंदच हसला. मग जागेश्वर इतका हसला की त्याला खोकला लागला.

डॉक्टर मात्र हसला नाही. त्यानं बोटातून रक्त काढून पाहिलं आणि चष्मा काढला. "गोळी घेता आणि जेवत नाही? साखर इतकी खाली गेली होती की थप्पीवरच संपला असता तुम्ही. मी काय सांगितलं होतं?"

"वजन कमी करा."

"अजून काय सांगितलं होतं?"

दुलीचंदला आठवेना. दुर्गेश्वरी सोबत आली होती, तिला सगळं आठवत होतं. तिनं बोटांवर मोजून सांगितलं, वेळेवर जेवण, चालणं, गोळी, गोळीनंतर खाणं. वजन तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं.

"तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाला. "आणि तो काटा धानालाच राहू द्या."

घरी दोन दिवस आराम केला. तिसऱ्या दिवशी केंद्रावर गेला तर काम संथपणे चाललं होतं. दोन नवे हमाल टोळीत आले होते, आणि ते एक-एक कट्टा दोघं मिळून उचलत होते. हे दर वर्षी व्हायचं. सुकरामच्या टोळीची रीतच होती. हंगामात नवा माणूस आला, किंवा जुनाच चार महिन्यांनी परतला, तर पहिले तीन दिवस त्यानं एकट्यानं कट्टा उचलायचा नाही. आणि त्या तीन दिवसांत कोणी किती उचलले ते मोजायचं नाही. दुलीचंदला ह्या रीतीचा दर वर्षी वैताग यायचा, ट्रक खोळंबतो म्हणून. ह्या वर्षी त्यानं विचारलं.

"सुकराम भाऊ, हे जोडीनं काऊन करता? पोट्टे तं धडधाकट आहेत."

"धडधाकट आहेत म्हनूनच. पाठ कट्टा विसरते जी. तिले आठवन द्या लागते. पयल्याच दिवसी पूरा बोजा टाकला तं पाठ रुसून बसते, मंग हंगाम गेला. तो पोट्टा पुन्हा येतच नाई."

"अन् एखादा दिवस आलाच नाई तं?"

"तं नाई आला."

"मंग काय करता?"

"काय कराचं? दुसऱ्या दिवसी आला तं खालच्या थराचं काम देतो." सुकराम बिडीकडं बघत म्हणाला, "पयले मी बी शिव्या देत होतो. दोन माणसं पळून गेले. शिव्या देल्यानं कट्टा वर चढत नाई, हे मले कळाले दहा वर्सं लागले."

दुलीचंदनं ते ऐकलं आणि परखी घेऊन रांगेकडं गेला. त्या वेळी तरी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरातून निघाला आणि नहराच्या पहिल्या गेटापर्यंत गेला. म्हणजे किती? दोन-अडीचशे पावलं. तिथं हात टेकून उभा राहिला, पाण्याकडं पाहिलं आणि परत आला.

"झालं?" दुर्गेश्वरी म्हणाली. "एवढं तं मी शेन टाकाले जातो."

"तीन दिवस एवढंच."

"अन् मंग?"

"मंग पाहू."

पाहू म्हणता म्हणता तो दुसऱ्या गेटापर्यंत गेला, मग पुलापर्यंत. पूल म्हणजे घरापासून पाऊण कोस. कधी धुकं दाट असलं की गेला नाही. कधी कंटाळा आला म्हणून गेला नाही. पहिल्यांदा कंटाळा आला त्या दिवशी तो दिवसभर तोंड पाडून होता, दुसऱ्यांदा दुपारपर्यंत. तिसऱ्यांदा कधी आला ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

भाताचं मात्र सोपं गेलं नाही. दुलीचंद जातीनं पोवार, आणि पोवाराच्या घरात भात म्हणजे जेवण, बाकी सगळं भातासोबतचं. त्यानं एकदम भात बंद केला. सहा दिवस पोळीवर काढले. सातव्या दिवशी दुर्गेश्वरी गोठ्यातून आत आली तर हा चुलीजवळ उभ्यानं, गंजातला, म्हणजे पातेल्यातला थंडा भात हातानं खात होता. मीठही नाही, डाळही नाही. तिला पाहून त्यानं गंज खाली ठेवला.

"हलकट," तो म्हणाला. "डुक्कर साला."

"कोनाले म्हनून राहिले?"

"मलेच. अजून कोनाले?"

दुर्गेश्वरीनं पदरानं हात पुसले. "त्या खुशालनं तीन खेपा ओला धान आनला होता ना?"

"हव. मंग?"

"त्याले काय म्हटलं तुमी?"

"त्याले काय म्हनाचं? पसरव म्हटलं, उद्या पाहू."

"च्या पन पाजला. मलेच करा लागला होता, केंद्रावर दूध नव्हतं त्या दिवसी." ती खाली बसली, गंज आपल्याकडं ओढला. "त्याले च्या, अन् आपल्याले डुक्कर. असा कसा ग्रेडर जी तुमी?"

दुलीचंदनं हात धुतला. तो तिथंच पाटावर बसला. तिनं ताट घेतलं. आधी पालेभाजी वाढली, अर्धं ताट भरेल एवढी. मग लाखोळीची डाळ. मग एक वाटी भात, वाटीनं मोजून, ताटात उपडी केलेली. "हे खा. बसून खा. चोरून खाल्लेला भात पोटाले लागत नाई अन् मनाले लागते."

त्या दिवसापासून तेच ताट ठरलं. दोन्ही वेळा एक वाटी भात. सणावाराला दीड. दीड झाली तर झाली.

काट्यावर तो अजूनही कधीकधी चढायचा. कधी विसरायचा. खडूचे आकडे दारावर होते, ते कट्ट्यांच्या घासण्यानं पुसट होत गेले. जागेश्वर विचारायचा, "साहेब, आज वजन नाई का?" आणि दुलीचंद म्हणायचा, "आधी तुहं कर. कोन किती बिड्या फुकते ते पन काट्यात येते."

फेब्रुवारीत डॉक्टरकडे गेला. साखर बरीच खाली आली होती, पण अजून जिथं हवी तिथं नव्हती. वजन ब्याण्णव.

"दोनच किलो?" दुलीचंदनं विचारलं.

"तुम्ही मला सांगा, थप्पीवर चढता का?"

"चढतो."

"दम लागतो?"

"बाराव्या थराले लागतो. पयले सातव्यालेच लागत होता."

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.

हे इथं संपलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मार्चमध्ये कोहमाऱ्याला दुर्गेश्वरीच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं.

दुलीचंदनं नवे बूट घेतले. काळे, चकचकीत, टाचेला कडक. वरातीत साळ्यानं हात धरून ओढलं, तर तो नाचलासुद्धा. हायवेच्या कडेला मंडप, डीजे, ट्रकवाले थांबून बघत होते. साडेतीन महिने ताळ्यावर असलेला माणूस, त्याला वाटलं, आज चालतं. पंगतीत त्यानं पुऱ्या खाल्ल्या, वडे खाल्ले. बुंदी वाढणारा पहिल्यांदा आला तेव्हा थोडी घेतली, दुसऱ्यांदा आला तेव्हा घेतली, तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच हाक मारून बोलावलं. साळा म्हणाला, "भाटोजी, साखर आहे ना तुमाले?" दुलीचंद म्हणाला, "साखर बुंदीत आहे, मले नाई." सगळे हसले. संध्याकाळी घरी आले आणि तो बूट काढून तसाच झोपला.

सकाळी पाय धुताना त्याला दिसलं. उजव्या टाचेला रुपयाएवढी जागा सोलली होती. कातडी निघून लाल मांस दिसत होतं, आणि मोज्याचा धागा त्याला चिकटला होता.

तो घाबरला, आणि जखमेपेक्षा एका गोष्टीनं जास्त घाबरला. त्याला दुखलं नव्हतं. नाचताना नाही, गाडीवर नाही, रात्रीही नाही.

त्यानं पाय पुसला. दुर्गेश्वरी मागं अंगणात भांडी घासत होती. आवाज येत होता. दुलीचंदनं खुंटीवरून दुसरे मोजे काढले आणि उजव्या पायात चढवले. केंद्रावर तो चपला घालूनच जायचा, मोजे कधी घालायचा नाही. पण घातले. आज काही खायचं नाही, असं त्यानं ठरवलं. उद्याही नाही. काल जे केलं त्याचं हे फळ आहे, तर आपणच भोगू. दोन दिवसांत सुकून जाईल. सुकलं की मग सांगू, किंवा सांगायची गरजच पडणार नाही. तो दाराशी आला, चपलेत पाय घातला आणि तिथंच उंबऱ्यावर बसला.

बापाचं असंच झालं होतं. हे गावात कोणाला माहीत नव्हतं, घरात माहीत होतं. तुलसीरामला नवरात्रात अनवाणी फिरू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. तो फिरला. बाभळीचा काटा अंगठ्यात गेला. आपण ऐकलं नाही, आता कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून त्यानं अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि धोतर खाली सोडून चालत राहिला. अकरा दिवस. बाराव्या दिवशी आईला घरात वास आला. तिला वाटलं उंदीर मेला आहे. तिनं कोठीचं सगळं धान बाहेर काढलं, उंदीर शोधायला. म्हातारा बाजेवर बसून बघत होता, आणि तेव्हाही बोलला नाही.

काट्यानं पाय गेला असं लोक म्हणायचे. दुलीचंदही तेच म्हणत आला होता.

भांड्यांचा आवाज थांबला.

"ऐकून राहिली का?" दुलीचंदनं आवाज दिला. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

"काय जी?"

"इकडं ये ना जरा."

ती ओले हात झटकत आली. त्यानं मोजा काढला आणि पाय उचलून तिच्यासमोर धरला, जसा लहान पोरगा धरतो तसा.

दुर्गेश्वरी खाली बसली. तिनं टाच हातात घेतली, उजेडाकडं वळवली. बराच वेळ पाहिलं.

"बुटानं?"

"हव. नाचलो ना."

"दुखते का?"

"नाई दुखत. तेच तं." मग तो म्हणाला, "बुंदी पन खाल्ली. तीन डाव."

"मी चार डाव खाल्ली," दुर्गेश्वरी म्हणाली. "त्याचं अन् ह्याचं काय आहे आता? उठा. पयले गोळी घ्या, पोहे खा, अन् गाडी काढा. मी लुगडं बदलतो."

"केंद्रावर ट्रक आहे आज."

"ट्रकले चाकं आहेत. तो उभा रायते."

तिरोड्याला दवाखान्यात गर्दी होती. नंबर लागला तेव्हा साडेअकरा झाले होते. डॉक्टरनं टाच पाहिली, दाबून पाहिली, हातमोजे घातले.

"कधी झालं हे?"

"काल."

डॉक्टरचा हात थांबला. "काल? म्हणजे काल सकाळी?"

"काल दुपारी. लग्नात."

"माझ्याकडं साखरेचे पेशंट पाय घेऊन येतात ना, ते पंधरा दिवसांनी येतात," डॉक्टर म्हणाला. "त्यांच्याशी काय बोलायचं तेच मला समजत नाही." त्यानं जखम धुतली, औषध लावलं, पट्टी केली. एक दिवसाआड येऊन पट्टी बदलायची, आठ दिवस चालणं बंद, टाचेवर जोर द्यायचा नाही, थप्पीवर तर अजिबात नाही. बुटाबद्दल त्यानं वेगळं सांगितलं, ते दुर्गेश्वरीनं ऐकून ठेवलं. काय खाल्लं ते त्यानं विचारलं नाही. दुलीचंदनं आपणहून सांगितलं. "बरं," डॉक्टर म्हणाला, "आज काय खाणार?"

"एक वाटी भात. भाजी, डाळ."

"मग जा."

दुपारी केंद्रावर पोचला तेव्हा ट्रक खरंच उभा होता. रांगेतले कास्तकार ट्रॅक्टरच्या सावलीत बसले होते. उजव्या पायाला पांढरी पट्टी, त्यावर सैल चप्पल, असा दुलीचंद लंगडत पटांगणातून गेला आणि सगळ्यांनी पाहिलं. गोदामात सुकरामची टोळी थांबली.

"साहेब, वरच्या थरातले दोन कट्टे पाहाचे आहेत," जागेश्वर म्हणाला. "चढता का?"

बारा वर्षांत ह्या प्रश्नाला दुलीचंदनं कधी नाही म्हटलं नव्हतं. ताप असताना चढला होता. नोव्हेंबरात उपाशीपोटी चढला होता.

"नाई चढत," तो म्हणाला. "पायाले जखम आहे. साखर आहे मले, तुमाले माहीतच आहे. आठ दिवस नाई चढाचं म्हनते डॉक्टर."

हमाल एकमेकांकडं बघायला लागले. जागेश्वरच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, बोलायच्या बेतात होता. पण सुकरामनं नव्या पोट्ट्यांतल्या एकाला नुसती मान हलवून खूण केली, आणि तो पोट्टा थप्पीवर चढला.

"मंग खुर्ची सावलीत घ्या ना जी," जागेश्वर शेवटी म्हणाला, आणि त्यानंच ती उचलून आणली. पाय ठेवायला एक रिकामा कट्टा घडी करून समोर टाकला. "अन् ओ साहेब, बूट कोनते घेतले सांगा. म्हनजे मी नाई घेत ते."

"तुले कोन वरातीत बोलावते बे," दुलीचंद म्हणाला.

वरून कट्टा आला. दुलीचंदनं बसल्या बसल्या परखी खुपसली, मूठभर धान मीटरच्या वाटीत टाकलं आणि आकडा यायची वाट पाहू लागला.